नारळाच्या झाडाखालचं घर

आमच्या कॉलनीत नारळाचं झाड नाही. वाशीमात नारळ देवळात फुटतो, लग्नात ओटीत पडतो, पण झाडाला लागलेला मी तरी उभ्या जन्मात पाहिला नाही. इथल्या काळ्या मातीत तूर येते, सोयाबीन येतं, उन्हाळ्यात भेगा येतात. तरीही आमच्या 'हरीओम ग्रीन व्हॅली'चं जे गुळगुळीत माहितीपत्रक २०१० साली छापलं होतं, त्याच्या पहिल्याच पानावर गेटच्या उजव्या अंगाला चांगला तीस फुटी नारळ उभा आहे. खाली हिरवळ आहे. शेजारी एक पांढरी मोटार आहे, ती पुढच्या प्रत्येक पानावर वेगवेगळ्या घरासमोर उभी आहे. व्हॅली म्हणजे दरी, हे मी मुलांना पस्तीस वर्षं शिकवलं. इथे दरी सोडा, साधा उतारही नाही. रिसोड रस्त्याला लागून सपाट शेत होतं, कडेने एक नाला होता, त्या शेतावर सव्वीस एकसारखी घरं उभी राहिली. या सगळ्या थापा मी तेव्हा कौतुकाने पाहिल्या आणि चौदा नंबरचं घर घेतलं.

मोटारीचा मला राग नाही, दरीचाही नाही. राग आहे तो नारळाचा, कारण तो जिथे उभा आहे तिथे रंगूबाईचं घर होतं. अजूनही आहे.

हा नारळ लावला इंद्रभान भगतने. इंद्रभान फोटोग्राफर. मूळचा इंझोरीचा, पण वाशीमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचा स्टुडिओ तीस वर्षांपासून आहे. शिडशिडीत अंगाचा, गालात सुपारी, शर्टाच्या खिशात काच पुसायचं पिवळं फडकं. जिभेला हाड नसलेला माणूस. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, मान वाकडी दिसली तर सगळ्यांसमोर म्हणणार, 'तुमच्या मानेले काय झालं हो?' त्याच्या दुकानाच्या पाटीवर पासपोर्ट, लग्न, बारसं हे तर होतंच, खाली लाल अक्षरांत आणखी दोन ओळी होत्या: 'फोटोत माणूस टाकून मिळेल. नको असलेला काढून मिळेल.'

बाहेरगावचा माणूस ही पाटी वाचून हसायचा. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीच्या आधी हाराचा फोटो लागतो आणि नेमका तोच घरात नसतो. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाचा फोटो असणार कुठे? आधार कार्डावर, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात पंगतीच्या मागे उभा असलेला, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड. तो अर्धा चेहरा घेऊन लोक इंद्रभानकडे यायचे. इंद्रभान त्याला पूर्ण करायचा, डोळे उघडायचा, अंगात कोट घालायचा, आणि घरचे लोक काउंटरवरच रडायला लागायचे. एका मुलीचा आजा लग्नाच्या आठ दिवस आधी वारला. इंद्रभानने लग्नाच्या फोटोत मधली खुर्ची रिकामी ठेवायला लावली आणि नंतर आज्याला तिच्यात बसवला. मी त्याला एकदा म्हटलं होतं की ही शुद्ध बनवाबनवी आहे. त्याने सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि मलाच विचारलं, "माणूस होता ना घरात? मंग फोटोत काहून नसावा?"



घराचा फोटो काढायचा असला की त्याचा एक हट्ट असे. नुसतं घर तो काढत नसे. नवं घर बांधलेल्या मालकाने बोलावलं की हा आधी दारात घरच्या बाईला उभं करायचा, मग लेकरं, मग मिस्त्री आणि रेजा-कुली हात धुवून यायचे. मालकाची घाई असली तरी याला घाई नसायची. बिनमाणसाचं घर म्हणजे विकायला काढलेलं घर, असं तो म्हणायचा.

हरीओम शेठला घरं विकायचीच होती. आमच्या कॉलनीचा हा बिल्डर. त्याने इंद्रभानला ताकीदच दिली की फोटोत चिटपाखरू दिसता कामा नये. दोरीवर लुगडं नको, ओट्यावर पापड नको, माणूस तर नकोच. पुण्याच्या स्कीमसारखं दिसलं पाहिजे. हे ऐकून इंद्रभान फणफणला, पण काम मोठं होतं आणि त्याला नवा कंप्युटर घ्यायचा होता. मे महिन्यात सात सकाळी तो इथे आला. तेव्हा पाचच घरं पुरी झाली होती. तीच पाच त्याने वेगवेगळ्या बाजूंनी काढून सव्वीस केली.

या सातही सकाळी त्याला चहा दिला रंगूबाईने. तिचा नवरा लखमा कॉलनीचा वॉचमन. त्याआधी, म्हणजे इथे शेत होतं तेव्हा, तो त्याच शेतावर सालदार होता. दोघं मूळ मेडशीकडच्या तांड्यावरची. शेताच्या कडेला नाल्यालगत सरकारी ई-क्लासची, म्हणजे गायरानाची जागा आहे, तिथे त्यांनी विटांच्या दोन खोल्या घालून वर टिनं टाकली होती. शेत विकलं गेलं, शेतकरी गेला, लखमा तिथेच राहिला आणि मालक बदलला. रंगूबाई इंद्रभानची तिपाई रात्री घरात ठेवून घ्यायची. सकाळी तो यायच्या आधी बादलीने रस्त्यावर पाणी मारायची, म्हणजे ट्रकची धूळ फोटोत उडू नये. तिनेच पाणी मारून धूळ बसवली आणि त्याच फोटोतून तिचं घर गेलं.

कारण गेटचा फोटो कुठूनही घेतला तरी उजवीकडे तिची टिनं येत होती. हरीओम शेठने स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे काढ. इंद्रभानने काढलं. एक तास लागला. तिथे हिरवळ पसरली, वर नारळ उभा केला. मुंबईहून आलेल्या माणसालाही जोड सापडली नसती, असं तो पुढे कित्येक दिवस अभिमानाने सांगत होता. मुरूम काढावा, विजेचा खांब काढावा, तसं त्याने घर काढलं. त्याच्या रोजच्या कामातलं ते एक काम होतं.

छापून आल्यावर एक प्रत लखमालाही मिळाली. त्याला वाचता येत नव्हतं, पण रंगीत पान पाहून त्याने ते खोलीच्या भिंतीला चिकटवलं. पुढे चौदा वर्षं ते तिथे होतं. रंगूबाईची समजूत अशी होती की आपलं घर त्या झाडाच्या मागे आहे, झाड मोठं असल्यामुळे दिसत नाही एवढंच.

कॉलनी भरली. मी त्याच डिसेंबरात राहायला आलो. लखमा पाच वर्षांपूर्वी गेला. त्याच्या हाराचा फोटो इंद्रभानने मतदार कार्डावरून बनवला, एक पैसा घेतला नाही, आणि रंगूबाईने कोट नको म्हटलं म्हणून डोक्याला पागोटं बांधलं. लखमा गेल्यावर तिने गेटची राखण चालू ठेवली. कुणाची भांडी, कुणाचं दळण, कुणाच्या बाळंतिणीची मालिश. आमच्या कॉलनीत असं घर नाही जिथे तिचा हात लागला नाही, आणि असंही घर नाही जिथे तिला कधी खुर्ची दिली. हे मी माझ्या घराला धरून बोलतोय.

मागच्या वर्षी नाल्याकाठच्या जुन्या घरांना पट्टे द्यायची यादी निघाली. नियम असा होता की २०११ च्या आधीपासून राहत असाल तर जागा नावावर होईल. रंगूबाईनेही अर्ज केला. आता तिच्याजवळ कागद कोणते? राशन कार्ड तांड्यावरचं, कारण राशन तिथे जाऊन आणायचं अशीच त्यांची रीत. मतदार कार्ड तांड्यावरचं, कारण मतदानाला बसने मेडशीला जायचं आणि चार दिवस नातलगांत राहून यायचं. वीज कॉलनीच्या मीटरवरून. चाळीस वर्षं एका जागी राहिलेल्या बाईजवळ ती तिथे राहते असं सांगणारा एकही कागद नव्हता. आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं, पण साहेबलोकांना ते दरवेळी नव्याने कळतं.

तेवढ्यात हरीओम शेठने हरकत घेतली. ती जागा मोकळी होती, झोपडी अलीकडे टाकली आहे, आम्हाला तिथे कॉलनीसाठी बगीचा करायचा आहे. पुरावा म्हणून त्याने काय जोडलं? २०१० चं माहितीपत्रक. पान पहिलं.

सुनावणीची नोटीस आणि त्या पानाची झेरॉक्स घेऊन रंगूबाई थेट इंद्रभानच्या दुकानात गेली. ती कुणाकडे जाणार? फोटोचं प्रकरण आहे, म्हणून फोटोवाल्याकडे. हे मला नंतर त्यानेच सांगितलं. तिने झेरॉक्स काउंटरवर ठेवली आणि म्हणाली की साहेब म्हणतात या फोटोत तुझं घर नाही. मी म्हटलं झाडामागं आहे, तर ते हसले. भाऊ, तुम्ही जरा मोठा करून त्यांना झाडामागचं दाखवा. इंद्रभानने कागद हातात घेतला. स्वतःचं काम माणूस अंधारातही ओळखतो.

"रंगूबाई, झाडामागं काही नाई," तो म्हणाला. "झाडच नाई. हे मी केलं."

तिने विचारलं की काढताना तुम्हाला ते माझं घर आहे हे माहीत होतं का. तो हो म्हणाला. ती झेरॉक्स घडी करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशीच्या सुनावणीला इंद्रभान न बोलावता गेला. जुन्या सीडीवरून मूळ फोटो काढून त्याने मोठा छापून नेला होता. त्यात टिनं होती, टिनांवरचे दगड होते, दारात चूल होती. त्याला वाटलं, मूळ दाखवलं की संपलं. हरीओम शेठने शांतपणे मोबाइल पुढे केला. त्यात इंद्रभानच्या दुकानाची पाटी होती. फोटोत माणूस टाकून मिळेल. जो मेलेल्याला खुर्चीत बसवतो, त्याला दोन टिनं टाकायला किती वेळ लागतो, असं शेठने विचारलं. सुनावणी घेणाऱ्या मॅडम तशा वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, दोन्ही फोटो तुमचेच, दोन्ही तुमच्याच कंप्युटरवरचे, मी कोणता खरा मानू? दुसऱ्या कुणाच्या हातचा, तारखेचा फोटो आणा. पंधरा दिवस देते.

तीस वर्षांत जी कला कमावली, तीच त्याच्या अंगावर आली. पण तो मागे फिरला नाही. दुसऱ्या दिवसापासून इंद्रभान भगत आमच्या कॉलनीत दारोदार फिरू लागला, दुसऱ्यांनी काढलेले फोटो मागत. धंद्यातल्या माणसाला याहून खाली उतरणं नसतं. तुमच्या वास्तूचा, लेकराच्या वाढदिवसाचा, त्या सालातला कोणताही फोटो दाखवा ज्याच्या मागे तिचं घर आलं असेल. एका घरी सांगितलं जुना मोबाइल हरवला. एका घरी सांगितलं आमच्या फोटोत फक्त आमचंच घर येतं. बाहेरून गोड बोलणाऱ्या आणि आतून दार लावणाऱ्या या सुशिक्षित माणसांनी त्याला पाणीही विचारलं नाही. एकाने सल्ला दिला की बगीचा झाला तर सगळ्यांच्या घराची किंमत वाढेल, तू वाकड्यात कशाला शिरतोस.

आणि हरीओम शेठने एव्हाना एक पत्र फिरवलं होतं. 'सदर जागा मोकळी होती व झोपडी अलीकडील काळात टाकण्यात आली आहे.' खाली रहिवाशांच्या सह्या. एकोणीस सह्यांमध्ये माझी सही आहे. न वाचता केली असं म्हणायची सोय नाही, मास्तर माणूस न वाचता सही करत नाही. मी वाचलं, 'सदर'च्या पुढे काय आहे ते नीट कळलं, आणि सही केली. बगीच्यात ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा होणार होता आणि त्याचं उद्घाटन माझ्या हस्ते करायचं असं शेठ म्हणाला होता. एवढ्याशा मानासाठी मी ते केलं. लिहितानाही स्वतःची चीड येते.

इंद्रभान माझ्याकडे आला तेव्हा दुपार होती. व्हरांड्यात बसला, चहा नको म्हणाला.

"गुरुजी, तुमच्या वास्तूले मी जेवाले होतो," तो म्हणाला. "राजपालभाऊ गच्चीवर कॅमेरा घेऊन फिरून राह्यले होते. नाल्याच्या अंगानं एक काढला, मले चांगली याद हाय."

राजपाल म्हणजे माझा मेहुणा. त्या दिवशी तो नवा कॅमेरा घेऊन आला होता आणि फुकट काढतो म्हणाला, म्हणून मी इंद्रभानला फोटोला न सांगता जेवायला सांगितलं होतं. तो फोटो माझ्याकडे होता. तारखेसकट. अल्बम टीव्हीखालच्या कपाटात होता, इंद्रभान बसला होता तिथून दहा पावलांवर.

मी म्हटलं, शोधून पाहतो. तो म्हणाला, शोधा, मी थांबतो. मी म्हटलं, आत्ता नाही, सामान माळ्यावर टाकलंय. तो माझ्याकडे पाहत राहिला. फोटो काढताना तो असा पाहतो, माणूस कधी पापणी लववतो याची वाट पाहत. मग उठला आणि पंधरा नंबरकडे गेला.

माझी बायको ललिता आत तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं. पुढचे बारा दिवस ती माझ्याशी मीठ-भाजीपुरतंच बोलली. सुनावणीच्या सकाळी शेठने गाडी पाठवली होती, सह्या करणाऱ्यांना घेऊन जायला. मी इस्त्रीचा शर्ट घातला तर खिशात काहीतरी कडक लागलं. अल्बमचं पान फाडून काढलेला तो गच्चीवरचा फोटो होता. ललिता दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती.

"द्याचा तं द्या," ती म्हणाली. "नाई तं घरी आनू नका."

गाडीत मी खिशावर हात ठेवून बसलो होतो. शेजारचे बगीच्यातल्या झोपाळ्यांबद्दल बोलत होते.

सुनावणीच्या हॉलमध्ये आम्ही एका बाजूला बसलो. समोरच्या बाजूला दोनच माणसं होती. रंगूबाई खाली बसली होती, खुर्ची असूनही, सवय. इंद्रभान उभा होता. त्याच्या हातात एकच कागद होता, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला, आणि तो त्याने वाचून दाखवला. मी, इंद्रभान भगत, व्यवसाय फोटोग्राफर, याने मे २०१० मध्ये सांगितल्यावरून या बाईचं घर फोटोतून काढलं आणि तिथे नारळ टाकला. फोटो खोटा आहे. तो मी केला. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. आजवर भल्याभल्यांना मान सरळ करा म्हणणाऱ्या त्या माणसाची मान खाली होती.

हरीओम शेठ लगेच उठला. म्हणे, मी याला घरांचे फोटो काढायला सांगितलं होतं, बनवाबनवी याने स्वतःच्या मनाने केली, उलट माझीच फसवणूक झाली आहे. असं म्हणताना त्याचा चेहरा इतका सरळ होता की क्षणभर मलाही खरं वाटलं. याच माणसाने पडद्यावर बोट ठेवलं होतं. आम्ही एकोणीस जण ते ऐकून गप्प बसलो. कुणी घसा खाकरला, कुणी मोबाइल पाहिला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. कबुली जबाब असला तरी तो अर्जदाराच्या बाजूच्या माणसाचा आहे, रहिवाशांच्या एकोणीस सह्या उलट सांगतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी रंगूबाईला विचारलं, तुमचं घर या माणसाने फोटोतून काढलं असं तो स्वतः म्हणतोय, तुम्हाला याच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का?

रंगूबाई उठून उभी राहिली. तिला उठायला वेळ लागला. ती इंद्रभानकडे पाहत नव्हती, आमच्याकडे पाहत होती.

"तक्रार लिवाचीच असन तं लिवा," ती म्हणाली. "पन याची नका लिवू. यानं एक डाव पुसलं, मंग आपल्याच तोंडानं सांगून राह्यला. हे बसले ते पाहा. चौदा साल झाले, माह्या दारापून जाते, माह्या दारापून येते. याइचे लेकरं मी मालिश करून वाढवले. याइनं लिवून देल्लं का मी नोती. याइचं लिवा. एक नंबर. तीन नंबर. चार नंबर, ज्याच्या माईले मी शेवटचं पानी पाजलं. सात नंबर."

आमची नावं तिला माहीत होती, पण तिने नंबरच घेतले. एकेक नंबर आला की त्या त्या खुर्चीत हालचाल होत होती. मॅडम लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. नऊ नंबर. अकरा. बारा.

"चौदा नंबर," ती म्हणाली आणि थांबली. "गुरुजी हाय ते."

मी उभा राहिलो. मोठा शूर म्हणून नव्हे. बसवेना म्हणून. टेबलापर्यंत गेलो आणि खिशातला फोटो ठेवला. आमच्या गच्चीवर मी, ललिता, मुलं, सगळे नवे कपडे घालून हसतोय. आमच्या मागे, नाल्याच्या कडेला, टिनाचं घर आहे. त्याच्या दारात एक बाई वाकून भांडी घासतेय. ती भांडी आमच्याच पंगतीची होती. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, १२ डिसेंबर २०१०.

मॅडमनी फोटो उजेडाकडे धरला, पत्र पाहिलं, पत्रावरची माझी सही पाहिली आणि विचारलं की इतके दिवस हा कुठे होता. मी म्हटलं, शोधत होतो. त्या क्षणीही मी खोटंच बोललो. इंद्रभानने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

निकाल तिच्या बाजूने लागला. पत्रावर सह्या करणाऱ्यांना कुणी काही म्हटलं नाही. हरीओम शेठलाही काही झालं नाही. त्याची दुसरी कॉलनी मालेगाव रस्त्याला उभी राहतेय आणि तिच्या माहितीपत्रकात तर कारंजं आहे. झालं ते इंद्रभानचं. त्याचा जबाब फायलीत राहिला आणि गावभर झाला. बिल्डर लोकांनी त्याला काम देणं बंद केलं, कारण तो सांगतो म्हणून. आणि साध्या लोकांनी कमी केलं, कारण तो पुसतो म्हणून. खोटं बोलायला लावणारा, खोट्यावर सह्या करणारे, सगळे आपापल्या घरी सुखाने जेवले आणि खरं बोलणाऱ्याच्या दुकानात दुपारी माशा. मला तर लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, गुरुजी, तुमच्यामुळे त्या बाईला न्याय मिळाला. पहिल्यांदा असं कुणी म्हणालं तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. मी हसलो.

पट्ट्याच्या फायलीला शेवटचा एक कागद लागतो. घराचा फोटो, मालक दारात उभा. कॉलनीतल्या एका पोराने मोबाइलवर काढून देतो म्हटलं तर रंगूबाईने नाही म्हटलं. इंद्रभान काढेल, म्हणाली. तो आठ दिवस येत नव्हता. तिने दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन घेऊन आली.

त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खरं सांगतो, मला वाटलं होतं की ती मलाही बोलावेल, दारात शेजारी उभं राहा म्हणेल. म्हणून मी आधीच तिच्या ओट्याजवळ जाऊन उभा होतो. रंगूबाईने लखमाचा हाराचा फोटो भिंतीवरून काढून छातीशी धरला होता. इंद्रभानने तिपाई लावली, पिवळ्या फडक्याने काच पुसली, वाकून पाहिलं आणि तसाच थांबला. रंगूबाईच बोलली, अगदी साध्या आवाजात, भांडी घ्यायला आली की बोलायची तशी.

"गुरुजी, जरा बाजूले व्हा. फोटोत येऊन राह्यले तुमी."

मी बाजूला झालो.